करंजघाटची शांतता

अन्विता घरतने माझ्या हॉलमध्ये आणून ठेवलेलं यंत्र दिसायला अगदी पाटासारखं होतं. तेवढंच लांबरुंद, तेवढंच जाड, फक्त मागून एक वायर निघालेली. "मॅडम, मोजे काढा आणि दोन्ही तळवे यावर टेकवा," ती म्हणाली.

"का गं, पाद्यपूजा करणार आहेस की काय माझी?"

ती हसली. हसरी मुलगी आहे. उरणकडची, तिशीच्या आतली. करंजघाटच्या भूकंपमापन केंद्रात मी सदतीस वर्षं काढली आणि आता माझ्याच जुन्या टेबलावर ती बसते. मी मोजे काढले, तळवे टेकवले, तिने कळ दाबली आणि माझ्या पायांखालून कोणीतरी चालत गेलं.

घसट, टप. घसट, टप.

"रावजी!" मी ओरडलेच. रावजी आमचा शिपाई. डावा पाय जरा ओढून चालायचा. त्याला जाऊन पंचवीस वर्षं झाली. आणि तो इथे साताऱ्यात, माझ्या तळव्यांखालून, अकराचा चहा घेऊन निघाला होता. कपबशा सांडू नयेत म्हणून वळणावर घेतलेली ती छोटी पावलंसुद्धा तशीच. मग केळकर आला, नेहमीसारखा घाईघाईत, कारण केळकरला बाथरूमला जायचं शेवटच्या क्षणीच आठवायचं. मग कारखानीस साहेबांचे बूट, ठाक ठाक ठाक. आणि मग जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळत कोणीतरी धाडधाड खाली आलं.

"ही कोण म्हैस?" मी विचारलं.

"ह्या तुम्ही, मॅडम. एकोणीसशे शहाण्णव, जुलै. तुम्ही सव्वीस वर्षांच्या होतात."

माझे दोन्ही गुडघे आता धातूचे आहेत. जिना मी कठड्याला धरून उतरते, एका वेळी एक पायरी. मी अन्विताला म्हटलं, पुन्हा लाव. तिने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

यामागचं शास्त्र फार अवघड नाही. भूकंपमापक जमिनीचं हलणं टिपतो. ती भूकंपाने हलली की माणसाच्या पायाने, हे त्याला कळत नाही. तो बिचारा सगळंच लिहून ठेवतो, सेकंदाला शंभर वेळा. आम्ही शास्त्रज्ञ त्यातलं हवं तेवढं घ्यायचो आणि बाकीच्याला 'गोंगाट' म्हणून बाजूला सारायचो. पण बाजूला सारलेलंही टेपवर राहतंच. माणूस टाच कशी टेकवतो, भार कधी पुढे नेतो, दोन पावलांत किती वेळ घेतो, हे त्याच्या सहीइतकंच त्याचं एकट्याचं असतं. एखाद्याची दहा पावलं 'ही अमक्याची' म्हणून दाखवली, की पाऊलवाचक, म्हणजे अन्विताचं हे पाटासारखं यंत्र, ती ओळख पक्की करतो आणि वर्षानुवर्षांच्या टेपांतून त्या माणसाला वेचून काढतो. मात्र त्याला बोलणं ऐकू येत नाही. कोण उठलं, कोण बसलं, कोण कुठे गेलं, एवढंच त्याला कळतं.

गेल्या दोन वर्षांत या यंत्राने बरीच उलथापालथ केली. कोल्हापूरच्या एका जुन्या कारखान्यात यंत्रांची थरथर मोजायच्या टेपा सापडल्या, तर तिथल्या कामगारांच्या विधवा रांग लावून नवऱ्याची पावलं तळव्यावर घेऊन आल्या. आणि दुसऱ्या एका कंपनीच्या निवृत्त साहेबांनी आपल्या काळातल्या टेपा नष्ट कराव्यात म्हणून अर्ज केला. कोण कोणाच्या केबिनमध्ये किती वेळ होतं आणि बाहेर पडताना कोण पळत होतं, हे बाहेर यायला नको होतं.

पण दहा नमुना पावलं आणायची कुठून? जगातल्या बहुतेक जुन्या टेपा इथेच अडतात. करंजघाट अडत नाही. कारण आमच्याकडे पाऊलनोंद होती. दर सोमवारी सकाळी प्रत्येकाने तळघरात जायचं, यंत्राच्या चौथऱ्यापाशी दहा पावलं चालायचं आणि वहीत आपापल्या पानावर वेळ लिहायची. शिपायापासून साहेबांपर्यंत, झाडून सगळ्यांनी. आम्ही त्याला पायांची हजेरी म्हणायचो. कोणाची पावलं कशी दिसतात हे एकदा माहीत झालं, की ती आलेखातून वजा करता येतात आणि भूकंप स्वच्छ दिसतो. या युक्तीला जगभर 'बापट पद्धत' म्हणतात. बापट म्हणजे मी, हेमलता बापट. पुढच्या महिन्यात केंद्राच्या अमृतमहोत्सवात नव्या सभागृहाला माझं नाव द्यायचं ठरलं होतं, ते याच पद्धतीसाठी.

"मॅडम, एक अडचण आहे," अन्विता म्हणाली. "करंजघाट शांतता तुम्हाला माहीतच आहे."

ती कोणाला माहीत नाही? दहा-अकरा वर्षांपूर्वी एका संगणकाने जगभरच्या लाखो तासांच्या नोंदी चाळल्या. त्याला माणसांनी भरलेल्या इमारतीतली, दिवसाढवळ्याची, सगळ्यांत निश्चल वेळ हवी होती. ती सापडली आमच्याकडे. १२ फेब्रुवारी १९९८, गुरुवार, अकरा वाजून सात मिनिटांपासून पुढे तीन मिनिटं चाळीस सेकंद. लोडशेडिंगमुळे पंपही बंद होता. इमारतीत माणसं असूनही खुर्ची नाही, पाऊल नाही, काही नाही. तेव्हापासून जगातल्या प्रयोगशाळा तोच तुकडा शून्य मानतात आणि त्यावरून आपली यंत्रं जुळवतात. अन्विताचा प्रबंधही त्याच शून्यावर उभा होता.

"त्या शून्यात काहीतरी आहे," ती म्हणाली. "इतकं बारीक, की आजवर कोणाच्या यंत्राला दिसलं नव्हतं. बैठकीच्या खोलीत चौदा जण आहेत, सगळे ओळखीचे, सगळे दगडासारखे. पण बाहेर व्हरांड्यात, दारापासून तीन पावलांवर, आणखी कोणीतरी उभं आहे. पूर्ण वेळ. पाय ठेवा, मी वाढवून लावते."

मी पाय ठेवले. आधी काहीच नाही. मग, मुंगी चालावी तसं, टक टक टक. थोडं थांबून पुन्हा, टक टक टक. उजव्या पायाचा अंगठा फरशीवर तीनदा.

त्या इमारतीत गोंगाट नको म्हणून साहेब सोडून आम्ही सगळे चपला बाहेर काढून अनवाणी वावरायचो. आणि कोणाची वाट बघताना उजव्या अंगठ्याने फरशीवर तीनदा टकटक करणारं एकच माणूस तिथे होतं. त्या माणसाच्या तिथल्या सात वर्षांतली पाच वर्षं मी रोज ती टकटक ऐकली होती. "चल की गो, चहा निवतोय," असा त्याचा अर्थ होता.

"कोण असेल, मॅडम? नोंदवहीतल्या कोणाशीच जुळत नाही. वहीचं एक पान फाटलंय. पहिलंच."

"वाळवी लागली असेल," मी म्हटलं. "आणि हा कोणी पोस्टमन असेल. गुरुवारी यायचा."

अन्विताने लिहून घेतलं. 'अज्ञात. बहुधा पोस्टमन.' मग तिने चहा घेतला, पाट पिशवीत घातला, माझ्या पाया पडली आणि गेली.

ते पान माझ्या कपाटात होतं. वाळवीने नव्हे, मी फाडलं होतं ते.

सुरैया सिद्दी मुरूडची. तिचे पूर्वज चारशे वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आले आणि जंजिऱ्यावर राहिले. काळा कुळकुळीत रंग, कुरळे केस, आणि मराठी अशी की आम्ही साताऱ्या-पुण्याचे लोक तिच्यापुढे अडखळावं. तरी नवा माणूस आला की तिला हळूहळू, एकेक शब्द सुटा करून विचारायचा, "तुम्ही... कुठल्या... देशाच्या?" ती तितक्याच हळू सांगायची, "रायगड... जिल्हा... मुरूड... तालुका." मग जेवणाच्या सुट्टीत मला म्हणायची, "आमचे लोक किल्ल्यावर तोफा ओढत होते तेव्हा याचा खापरपणजा कुठं होता, इचार गो त्याला."

आम्ही दोघीच बायका होतो तिथे. ती माझ्या दोन वर्षं आधी लागलेली. एक डबा तिचा, एक माझा, मध्ये वर्तमानपत्र. तिच्या आईने पाठवलेला सुक्या जवळ्याचा वास बापटांच्या नाकाला झेपायचा नाही म्हणून ती तो जवळा खिडकीत बसून खायची, आणि मी वरण-भातावर लिंबू पिळत तिच्याकडून गणितं समजून घ्यायचे. आयुष्यात मी पुढे पुष्कळ मोठमोठ्या लोकांशी शास्त्र बोलले. त्या खिडकीसारखं कुठे बोलले नाही.

पाऊलनोंद कशी सुरू झाली, तेही सांगते. तळघरात बायकांना जायला मनाई होती. कारण काय, तर बांगड्या. बांगड्यांच्या किणकिणीने आलेख बिघडतो, असं कारखानीस साहेबांचं शास्त्र. मी निमूटपणे वरच्या मजल्यावर आकडे उतरवत बसायचे. सुरैया म्हणाली, "साहेब, मोजून बघूया की. सगळ्यांनी दहा-दहा पावलं चालायची. बांगड्या घालून मीपण चालते." मोजलं. बांगड्यांचा आलेखावर मागमूस नव्हता. आणि इमारतीतला सगळ्यांत मोठा गोंगाट निघाला साहेबांच्या बुटांचा. सगळे पोट धरून हसले. साहेबही हसले. पण साहेब विसरले नाहीत.

त्यानंतर बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या. खरं तर आधीपासूनच होत्या, पण मग धार आली. लाईट गेली की केळकर म्हणायचा, "सुरैयाबाई, हसा बरं जरा, कुठे आहात ते कळेल." संक्रांतीला तिच्या टेबलावर कोणीतरी गोरं व्हायच्या क्रीमची ट्यूब ठेवली, वर हलव्याचे दाणे. प्रत्येक वेळी मी काय केलं? हसले. सगळे हसतात तेवढंच, जास्त नाही. मग जेवताना तिला म्हणायचे, "जाऊ दे गं, त्यांचा स्वभावच तसा आहे." तीही म्हणायची, "जाऊ दे." तेव्हा मला वाटायचं तिने जाऊ दिलं.

तर तो गुरुवार. परदेशी शास्त्रज्ञांचं पथक यायचं होतं, पाऊलनोंदीची पद्धत बघायला. सुरैयाने चार महिने खपून फाईल तयार केली होती. बैठकीत साहेब म्हणाले, "हे बघा, काम सुरैयाचं उत्तम आहे, वादच नाही. पण फोटो निघणार, पेपरात येणार. हिला पुढे उभं केलं तर पाहुण्यांना वाटायचं, आपलं विमान चुकून आफ्रिकेत उतरलं." केळकर हसला. साहेब पुढे म्हणाले, "सादरीकरण हेमलता करेल. गोरीगोमटी आहे, साडीत शोभून दिसते. शास्त्र काय, कागदावर लिहिलेलं आहेच."

आता खोटं कशाला बोलू? मला लाज वाटली. आणि त्याच क्षणी, त्या 'गोरीगोमटी'ने, कुठेतरी बरंही वाटलं. माझ्या शिक्षणाचा तो अपमान होता हे कळायलासुद्धा मला घरी पोचावं लागलं.

सुरैयाने टेबलाभोवती एकेकाकडे बघितलं, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी शेवटी होते. माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग फाईल माझ्यासमोर ठेवली आणि बाहेर गेली. साहेबांनी चष्मा लावला आणि पाहुण्यांचा कार्यक्रम वाचायला घेतला. आम्ही चौदा जण खाली बघून ऐकत राहिलो. दुसऱ्या दिवशी तिचा राजीनामा आला.

सादरीकरण मी केलं. छान झालं. पुढे निबंध छापला, त्यावर साहेबांचं आणि माझं नाव. सुरैयाचं पान वहीतून फाडताना साहेब मला म्हणाले नव्हते की फाड. मीच फाडलं, कारण दर सोमवारी वही उघडली की पहिल्यांदा तेच दिसायचं. पण जाळवलं नाही. चव्वेचाळीस वर्षं मी स्वतःला, नवऱ्याला, लेकीला एकच सांगत आले: "मी उठणारच होते तिच्यामागे. पण ती थांबलीच नाही. तडक निघून गेली." सांगून सांगून मला ते दिसायलाही लागलं होतं, तिची पाठमोरी ओढणी आणि फाटकासमोरून सुटणारी एसटी.

आणि ती तर दारापासून तीन पावलांवर उभी होती. माझी खुर्ची दाराला लागून होती. हात लांब केला असता तर दार उघडलं असतं.

चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी मी पान पिशवीत घातलं आणि मुरूडला गेले.

घर शोधावं लागलं नाही. तीस वर्षं तिने तिथल्या हायस्कूलात विज्ञान शिकवलं होतं. स्टँडवरच्या रिक्षावाल्यापासून सगळे तिचे विद्यार्थी. समुद्राच्या बाजूला सुपारीच्या बागेत कौलारू घर, ओटीवर सुरैया, केस पांढरेशुभ्र. तिने मला ओळखायला क्षणभरही घेतला नाही.

"म्हातारी झालीस गो," ती म्हणाली. "बस. गुडघे बदललेस वाटतं. चाल बदललीय."

मी बसले. घरून पाठ करून आणलेलं सगळं विसरले. आधी अन्विताचं आणि तिच्या पाऊलवाचकाचं सांगितलं, मग रावजीची पावलं, माझं जिना उतरणं. ती हसत ऐकत होती. मग मी त्या गुरुवारचं सांगितलं. "सुरैया, तू बाहेर उभी होतीस. तीन मिनिटं चाळीस सेकंद."

तिचं हसू थांबलं. सुपारी कातरायचा अडकित्ता तिने खाली ठेवला.

"तीनच मिनिटं?" ती म्हणाली. "मना तर तासभर वाटला होता."

बागेत पाटाचं पाणी सोडलेलं होतं, ते वाहत होतं.

"मला वाटायचं तू थांबलीच नाहीस," मी म्हटलं.

"तुला तसं वाटायला बरं पडलं असंल." ती रागावली नव्हती, म्हणून जास्त लागलं. "साहेबाचं मला काय नाय वाटलं, हेमा. तसले साहेब मी बालवाडीपास्नं बघत आले. मी म्हटलं, चौदातलं कोणतरी दार उघडंल. एक खुर्ची वाजंल. मी खुर्ची वाजायची वाट बघत होते गो."

मी पिशवीतून पान काढून तिच्यापुढे धरलं. पिवळं पडलेलं, चार घड्यांचं. वर तिच्याच अक्षरात: 'पाऊलनोंद. कल्पना व आखणी: सुरैया सिद्दी.' खाली तिच्या सोमवारांच्या वेळा, ओळीने. "हे तुझं. मला माफ कर."

तिने पान वाचलं, एका तारखेवरून बोट फिरवलं आणि मला परत दिलं.

"मना काय देतेस? मला माहीत हाय मी काय केलं ते. ज्यांना माहीत नाय त्यांना दे. आणि माफीबिफी ठेव घरात. तेव्हाच्या चौदातले किती उरलेत?"

"तीन. मी, केळकर आणि साहेब. साहेब चौऱ्याण्णव वर्षांचे आहेत. समारंभाला येणार आहेत."

"मग तिघांसमोर बोल." तिने अडकित्ता उचलला. "आणि त्या पोरीनं मला काय नाव दिलंय?"

"पोस्टमन," मी कशीबशी म्हणाले.

"पोस्टमन!" ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पाणी दिलं. निघताना मी तिला समारंभाला बोलावलं, तर म्हणाली, "त्या दारातून मी एकदा बाहेर पडले, ते बस झालं. जेवून जा."

समारंभाच्या दिवशी करंजघाट ओळखू येत नव्हता. मांडव, रांगोळी, नव्या सभागृहाच्या दारावर मखमली पडद्याआड पाटी. प्रत्येक खुर्चीपाशी एकेक पाट ठेवलेला, कारण अन्विताचा 'पावलांचा कार्यक्रम' होता. रावजीच्या चहावर त्याच्या मुली रडल्या. साहेब पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत, अंगावर शाल, सगळ्यांना हात जोडत होते. माझ्याकडे बघून इतकं गोड हसले, की पर्समधलं पान मी आणखी आत सरकवलं. इतक्या म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत का दुखवायचं, जाऊ दे ना! हा 'जाऊ दे' माझ्या चांगला ओळखीचा होता. चव्वेचाळीस वर्षं तो माझ्या घरचंच जेवत होता.

माझं नाव पुकारलं. मी माईकपाशी गेले, पर्समधून पान काढलं आणि मोठ्याने वाचलं. मग गुरुवारची बैठक सांगितली. साहेबांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, माझ्या 'गोरीगोमटी'सकट. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हेही सांगितलं. "जिला तुम्ही जगातली सगळ्यांत शुद्ध शांतता म्हणता," मी म्हटलं, "ती शांतता नाही. ते आम्ही चौदा जण आहोत, तोंड मिटून बसलेले. आणि बाहेर जी उभी आहे ती पोस्टमन नाही. ती सुरैया सिद्दी. ही पद्धत तिची आहे. पाटीवरचं माझं नाव काढा."

मांडवात कोणी हललं नाही. माझ्या डोक्यात विचार आला, तळघरात यंत्र चालू आहे, हेही टिपतंय. आताची शांतता किती वेळ चालेल?

साहेबांनी कानामागे हात धरला होता. "मी असं म्हणालो होतो?" ते शेजारच्याला विचारत होते. "मला नाही हो आठवत."

आणि मागच्या रांगेत खुर्ची वाजली. केळकर उठत होता. ब्याऐंशी वर्षांचा, काठीवर दोन्ही हात, उठायला त्याला फार वेळ लागला.

"तुम्ही म्हणाला होतात, साहेब," तो म्हणाला. "मला आठवतंय. मी हसलो होतो."

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. पडदा त्या दिवशी उघडला नाही. पद्धतीचं नाव बदलायला समिती नेमली आहे, ती चहा पिते आहे. माझ्या काही विद्यार्थ्यांचे फोन यायचे बंद झाले, आणि लेकीने एकदाच विचारलं, "आई, मग मला लहानपणी जे सांगायचीस ते?" मी म्हटलं, खोटं होतं. ती दोन आठवडे आली नाही, मग आली.

अन्विताचं मात्र खरंच नुकसान झालं. ज्यात माणूस उभं आहे ते शून्य कसं धरणार? तिची दोन वर्षं पाण्यात गेली. मी तिला तोंड दाखवायला धजत नव्हते. आठ दिवसांनी तिचाच फोन आला. पानावरच्या वेळांवरून तिने सुरैयाची पावलं यंत्राला शिकवली होती. "मॅडम, त्या टेपांत सगळीकडे आहेत," ती म्हणाली. "सात वर्षं. आपण त्यांना गोंगाट समजत होतो." मग थोडं थांबून म्हणाली, "आमच्याकडेही एक साहेब आहेत. कधीतरी बोलायचंय तुमच्याशी." मी म्हटलं, कधीतरी नाही, उद्या सकाळी ये.

ती आली, बोलली, आणि मग आम्ही दोघी पाट घेऊन मुरूडला गेलो.

सुरैयाने ओटीवर बसून पाय धुतले, पुसले आणि पाटावर ठेवले. अन्विताने एक सोमवार लावला. सुरैया ओठातल्या ओठात मोजत होती, एक, दोन, तीन, दहापर्यंत. मग दुपारचं लावलं, जेवणाच्या सुट्टीनंतरचं. व्हरांड्यातून दोघीजणी चाललेल्या, एक जड, एक हलकी, कधी पुढेमागे, मध्येच एकदम थांबलेल्या.

"इथं का गो थांबलो?" सुरैयाने विचारलं.

"हसत असू," मी म्हटलं. "तू साहेबांची नक्कल करायचीस."

तिने मान हलवली. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. अन्विताने जरा चाचरत विचारलं, "बाई, तो गुरुवार लावू का? आता अगदी स्पष्ट येतो."

"नको गो पोरी," सुरैया म्हणाली. "तो मला पाठ हाय."

मग तिने उजवा पाय थोडा बाजूला घेतला आणि पाटावर माझ्या एका पायापुरती जागा केली.